जुन्या वारसा बिल्डिंगमधल्या फ्लॅटचं रिनोव्हेशन: चार स्टार, पाचवा का कापला ते वाचा

शंभरी पार केलेली बिल्डिंग, वारसा यादीत नाव, आणि आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षं फक्त रंगावर रंग मारलेला. अशा फ्लॅटचं काम ज्यांनी केलं त्यांचा हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली तक्रारपण आहे आणि माझं थोडं काम अजून त्यांच्याकडे अडकलंय.

कोटेशनसाठी तीन जण बोलावले होते. दोघांनी टेप काढली, मापं घेतली, दोन दिवसांत आकडा पाठवला. तिसऱ्यांनी एक वयस्कर मिस्त्री पाठवले, त्यांनी टेप काढलीच नाही, हातोडीच्या लाकडी दांड्याने तासभर सगळ्या भिंती ठोकत फिरले आणि जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने गोल. मग म्हणाले, फॉल्स सीलिंग एका कोपऱ्यात उघडू द्या. उघडलं तर वर सागवानी तुळई, दिसायला ठणठणीत, पण भिंतीत जाते त्या टोकाला त्यांनी पेचकस दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मी गार. तुळया नेहमी टोकालाच कुजतात म्हणे, कारण ते टोक ओल्या भिंतीत गाडलेलं असतं आणि त्याला वारा लागत नाही. त्याच क्षणी ठरवलं काम यांनाच द्यायचं.

तुळई पूर्ण बदलली नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला, खालून जॅक लावले, कुजलेला भाग कापून नवं लाकूड बोल्ट आणि लोखंडी पट्ट्यांनी जोडलं. वरच्या शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगायला लागलं, कारण आमचं छत म्हणजे त्यांची जमीन. मला किचनची भिंत पाडून सगळं ओपन हवं होतं, तर मिस्त्रीकाका म्हणाले, "ताई, ही भिंत तुमची नाही, वरच्या तीन घरांची आहे." दीड फूट जाडीची लोड बेअरिंग भिंत, विषय संपला.

आता प्लास्टर, यात त्यांना पैकीच्या पैकी. अशा भिंती चुन्यात बांधलेल्या असतात, त्यांच्यात ओल येते आणि चुन्यातून हळूहळू बाहेर उडून जाते. वर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, मग पोपडे आणि लोणा (भिंतीतून बाहेर येणारी क्षाराची पांढरी भुकटी). म्हणून जुनं सिमेंट खरवडून परत चुन्याचा गिलावा केला. पण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही, एका थरानंतर दुसऱ्यासाठी थांबायचं, मधे पाणी मारत राहायचं. तीन महिन्यांचं काम सात महिन्यांवर गेलं त्यात अर्धा वाटा चुन्याचा आणि उरलेला परवानगीचा (बाहेरून दिसणाऱ्या खिडक्यांना हात लावायचा तर कागद लागतातच, आणि ॲल्युमिनियम स्लायडिंगचं नावच काढायचं नाही).

खिडक्यांचं बरंच झालं म्हणा. सुताराने कुजलेले तुकडे तेवढे बदलले, जुन्या लाटांच्या काचा तशाच ठेवल्या. काच हळूहळू खाली ओघळते म्हणून त्या लाटा येतात ही थाप आहे, तेव्हा काच बनायचीच तशी. दारांवरचा जुना रंग सुका घासू दिला नाही, शिशाची धूळ उडते म्हणून ओलं करून खरवडला आणि मुलांना तेवढे दिवस घरात येऊ दिलं नाही. वायरिंग पूर्ण नवीन, कारण जुन्या वायरींचं रबर हातात भुगा होत होतं आणि अर्थिंगचा पत्ता नव्हता. प्लंबिंग ठीकठाक.

तक्रार बाथरूमची. काका दहा दिवस सुट्टीवर गेले आणि बाहेरून आणलेल्या टाइल्सवाल्याने जुनी लादी न काढता वर दोन इंच सिमेंटचा थर टाकायला घेतला. दोन इंच म्हणजे चौरस मीटरला साधारण शंभर किलो, तेही लाकडी तुळयांवर! मी फोटो पाठवल्यावर थांबवलं आणि काढलं, पण तोपर्यंत त्याच माणसाने बाथरूमच्या बाहेरची भिंत सिमेंटने गुळगुळीत करून वर प्लास्टिक पेंट मारून ठेवला होता. तीन महिन्यांत फुगे आले, नखाने टोकरलं की पांढरी भुकटी. सुपरवायझरचं म्हणणं "नवीन भिंतीला होतंच असं मॅडम". शंभर वर्षांची भिंत नवीन कधी झाली?

बिल कोटेशनपेक्षा एक पंचमांश जास्त झालं, पण ते तुळईमुळे, त्याचा राग नाही. कुणाला काम द्यायचं असेल तर काका रोज साइटवर असतील हे लिहून घ्या. ती भिंत काका स्वतः येऊन खरवडणार आहेत, तारीख दोनदा पुढे गेलीये. झालं की पाचवा स्टार देईन.