अदलाबदलीची कादंबरी : निवेदक एक की दोन?

एका प्रसिद्ध तारकेसारखी हुबेहूब दिसणारी साधी मुलगी काही दिवसांपुरती तिच्या जागी जाते आणि तारका हिच्या घरी येऊन राहते, अशा कथानकावर कुमारवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण निवेदनाची असते. केवळ साध्या मुलीला बोलू द्यावे, की एकाआड एक प्रकरण दोघींना वाटून द्यावे? मी माझा खर्डा आधी दुसऱ्या पद्धतीने पूर्ण केला आणि मग पहिल्या पद्धतीने नव्याने लिहिला. त्यामुळे माझे मत अगदीच तटस्थ आहे, असे मी म्हणणार नाही.

दोन्ही बाजूंनी कथा सांगण्याचे फायदे खरे आहेत. मार्क ट्वेनच्या ‘द प्रिन्स अँड द पॉपर’मधले (१८८१) निवेदन तृतीयपुरुषी असले तरी ते कपडे बदलून एकमेकांच्या जागी गेलेल्या दोन्ही मुलांच्या, राजपुत्र एडवर्ड आणि त्याच्यासारखाच दिसणारा गरीब टॉम यांच्या, मागोमाग चालते. राजपुत्र एडवर्ड महालाबाहेर धावण्यापूर्वी टेबलावरची एक महत्त्वाची वस्तू घाईने दृष्टीआड करतो. ती राजमुद्रा होती, आणि महालात राहिलेला टॉम तिने खुशाल सुक्या मेव्याची कवचे फोडत होता, हे पुष्कळ पुढे उघड होते. गमतीचा एक अर्धा भाग एका मुलाकडे आणि उरलेला दुसऱ्याकडे असल्यामुळे ती साधते. शिवाय चिंध्यांतल्या एडवर्डचे हाल आपण त्याच्यासोबत भोगलेले असतात, म्हणून त्याचे परतणे आपल्यालाही हवेसे वाटते.

याउलट अँथनी होपच्या ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’मध्ये (१८९४) राजाच्या जागी उभा राहिलेला रुडॉल्फ रासेंडिल स्वतःच हकिगत सांगतो. राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री राजाला गुंगीचे औषध मिसळलेले मद्य मिळते, पुढे तो गढीत कैद होतो आणि वाचकाच्या नजरेसमोरून जवळजवळ नाहीसा होतो. सिंहासन तोतयाकडेच राहिले तर बरे, असे मला तरी वाटू लागले होते. एकाच निवेदकाचा धोका नेमका हा आहे, आणि तारकेची व्यथा हाच ज्यांच्या कादंबरीचा गाभा आहे त्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

तरीही माझा निर्णय एका किरकोळ वाटणाऱ्या कटकटीने केला. दोन निवेदकांच्या खर्ड्यात प्रत्येक प्रकरणाला काही तास मागे जावे लागे. साध्या मुलीला तारकेची जुनी मैत्रीण दारात भेटते, ती हिच्याकडे निरखून पाहते, आणि प्रकरण संपते. पान उलटावे तर तारका आदल्या संध्याकाळी हिच्या घरी भांडी घासत बसलेली. पहिल्या दोन वेळा ही युक्ती खपली, पण सातव्या वेळी ती मलाच असह्य झाली. भरीला दोघींना एकमेकींच्या दिवसाची खबर देणारे निरोप पाठवावे लागत, म्हणजे वाचकाला आधीच ठाऊक असलेली गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली जाई. खर्डा वाचायला घेतलेल्या माझ्या भाचीने तारकेची प्रकरणे सरळ गाळली आणि कथा कुठेही अडली नाही, असे निरागसपणे सांगितले. एका वाचकावरून नियम काढू नये हे खरे. पण ती प्रकरणे लिहिताना मलाही तीच शंका सतावत होती.

एका आवाजात लिहू लागल्यावर भीती परत आली, कारण दुसऱ्या घरात काय चालले आहे हे मुलीला कळेना आणि वाचकालाही कळेना. नाहीशी होणारी तारका मात्र थोडी वेगळ्या वाटेने परत आणता आली: तिच्या खोलीतले पडदे दिवसाही ओढलेले असणे, फोनमध्ये लिहून न पाठवलेली उत्तरे साठलेली असणे, आरशाला लावलेल्या चिठ्ठ्यांवर स्वतःलाच दिलेल्या सूचना असणे. दोन आवाजांच्या खर्ड्यात हेच सगळे ती स्वतःच्या तोंडाने सांगत होती आणि ते तक्रारीसारखे ऐकू येत होते.

दोन्ही मुलींची भाषा आपल्याला पहिल्या ओळीपासून वेगळी ऐकू येत असेल, तर दोन निवेदकांचा मार्ग आपल्यासाठी कदाचित अधिक योग्य ठरेल. माझ्या खर्ड्यात नाव झाकले की कोण बोलते आहे ते ओळखता येत नव्हते. मी अखेरीस तारकेला शेवटून दुसरे प्रकरण तेवढे दिले. ते घरी परतल्यावरचे आहे, आणि त्यात ती प्रथम पडदे उघडते.