बँडकॅम्प : दुसऱ्यांच्या संग्रहातून सापडणारे संगीत

टांझानियातील दार-एस-सलामच्या वस्त्यांमध्ये घडलेले सिंगेली हे नृत्यसंगीत मिनिटाला 200 हून अधिक ठोक्यांच्या वेगाने धावते, आणि ते मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा फाइलच बिघडली असावी अशी माझी खात्री झाली होती. युगांडातील कंपाला येथील न्येगे न्येगे टेप्स या लेबलने, म्हणजे संगीत प्रकाशित करणाऱ्या संस्थेने, 2017 मध्ये काढलेला ‘साउंड्स ऑफ सिस्सो’ हा संग्रह मी बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर शेवटपर्यंत ऐकला आणि मगच विकत घेतला.

2008 पासून चालू असलेल्या या संकेतस्थळाची खरी खुबी प्रत्येक संग्रहाच्या मुखपृष्ठाजवळ दिसणाऱ्या, तो संग्रह विकत घेतलेल्या लोकांच्या चिमुकल्या चित्रांमध्ये आहे. त्यांपैकी एकावर टिचकी मारली की त्या अनोळखी माणसाने पैसे मोजून जमवलेले सारे संगीत समोर मांडलेले दिसते. कोणाच्या घरी गेल्यावर पुस्तकांचे कपाट न्याहाळावे, तसेच हे. अशाच एका कपाटातून मी लिस्बनच्या प्रिन्सिपे या लेबलपर्यंत पोहोचलो. अंगोला, केप व्हर्द यांसारख्या जुन्या पोर्तुगीज वसाहतींतून आलेल्या कुटुंबांतील, शहराच्या उपनगरांत वाढलेल्या तरुणांचे हे संगीत आहे. याच लेबलच्या डीजे मारफॉक्स या कलाकाराच्या रचनांमधील आडवेतिडवे ताल ऐकताना पाय नेमका कोठे टाकावा हे कळत नाही, आणि मौज त्यातच आहे.

टॅगवरून, म्हणजे संग्रहाला जोडलेल्या खूणशब्दांवरून, शोध घेण्याची सोय मात्र बेभरवशाची आहे. टॅग कलाकार स्वतःच लावतात, त्यामुळे ‘एक्स्पेरिमेंटल’ या नावाखाली वाटेल ते सापडते. त्यापेक्षा ‘डर्बन’ किंवा ‘शिकागो’ असे गावाचे नाव घालून शोधलेले बरे.

पैशांचा व्यवहार स्वच्छ आहे. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प साधारण 15 टक्के कापून घेते, आणि मार्च 2020 पासून अधूनमधून येणाऱ्या ‘बँडकॅम्प फ्रायडे’ला तेवढेही घेत नाही. ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कम देण्याची मुभा असते आणि विकत घेतलेले संगीत फ्लॅकसारख्या उत्तम दर्जाच्या फाइलमध्ये उतरवून घेता येते. भारतातून घेणाऱ्याने आधी आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत ना, हे पाहावे. माझ्या बँकेने ते न कळवता बंद करून ठेवले होते आणि त्यात एक अख्खा शुक्रवार वाया गेला. तिथे मिळणाऱ्या कॅसेटच्या मोहात मी पडत नाही, कारण टपालखर्च ऐकूनच हौस फिटते.

धास्ती एकच वाटते. 2022 मध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने हे दुकान विकत घेतले, पुढच्याच वर्षी संगीताचे परवाने देणाऱ्या साँगट्रेडर या कंपनीला विकले, आणि त्या बदलात सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून घेतलेली प्रत्येक फाइल मी त्याच दिवशी हार्ड डिस्कवर उतरवून ठेवतो.