सहा डीबीचा अटेन्युएटर: गणपतीत घेतला, मे महिन्यात जळला

विकणाऱ्याशी परवा जोरदार वाजलं, म्हणून लिहितोय. नाहीतर ट्रान्समीटरची पॉवर चौथाईवर आणणाऱ्या या डबीबद्दल माझं मत हळूहळू चांगलंच होत चाललं होतं.

माझा हौशी रेडिओचा ट्रान्समीटर ८०७ व्हॉल्व्हचा, प्लेट-मॉड्युलेटेड एएम (आवाज व्हॉल्व्हच्या प्लेटच्या व्होल्टेजवर चढवायचा), ६०० व्होल्टवर ४० वॅट कॅरिअर, म्हणजे आवाज नसतानाची मूळ लहर. पुढे मॉसफेटचा लिनिअर, म्हणजे पॉवर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, त्याला ४० वॅटच्या वर पीक सोसत नाही. शंभर टक्के मॉड्युलेशनला पीक चौपट, म्हणजे १६०. तेव्हा कॅरिअर दहावर आणणं भाग होतं. ठाण्यातले मित्र म्हणाले, ‘ड्राइव्ह उतरव की!’ पण ड्राइव्ह, म्हणजे शेवटच्या क्लास-सी व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा सिग्नल, उतरवला की नेमक्या पीकला व्हॉल्व्हचा दम संपतो आणि आवाज चेपतो. एचटी (प्लेटचे ६०० व्होल्ट) निम्मी केली तर पॉवर चौथाई होते हे खरं, पण मग मॉड्युलेटरचा ऑडिओही त्याच मापात उतरवायचा. शिवाय व्हेरिअ‍ॅकचे (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) भाव ऐकले. राहिला पॅड, म्हणजे हाच अटेन्युएटर.

पहिले काही आठवडे जीव तुटायचा. ४० वॅट तयार करायचे आणि त्यातले ३० रेझिस्टरमध्ये जाळायचे! शेवटी कागद घेतला. रोज तासभर बटण दाबून बसलो तरी महिन्याला एक युनिट भरत नाही. महावितरणला पत्ताही लागणार नाही.

मग फायदे दिसू लागले. बँड बदलला की लिनिअरच्या इनपुटचा एसडब्ल्यूआर (परत फिरणाऱ्या पॉवरचं माप, एक म्हणजे उत्तम) तीनवर जायचा, आता ट्रान्समीटरला १.३ दिसतो. रिसीव्ह करताना सिग्नल एक एस-युनिट (सिग्नलच्या मीटरवरचा एक आकडा) खाली येतो, पण चाळीस मीटरच्या बँडवर आमच्या सोसायटीच्या लिफ्टचा आणि एलईडी दिव्यांचा कचराही तेवढाच खाली येतो. ऐकायला फरक शून्य.

राग आहे तो कनेक्टरचा. इनपुटला एसओ-२३९ आणि आउटपुटला बीएनसी, दोन वेगळ्या जातींची सॉकेटं! का? कुणासाठी? पूर्ण शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) दुसरं बीएनसी नाही. अ‍ॅडॅप्टरसाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. तो अ‍ॅडॅप्टरही असा लटकतो की केबलला धक्का लागला की मीटरची सुई थरथरते. दोन्हीकडे एकच सॉकेट लावलं असतं तर कारखाना बुडाला असता का?

आता जळण्याचं. विकणारा म्हणतो, ‘तुमचा पीक १६०, डबी १०० वॅटची, वॉरंटी बसत नाही.’ अहो, रेझिस्टर तापतो सरासरी पॉवरने. पूर्ण मॉड्युलेशनचा सलग टोन दिला तरी सरासरी दीडपट, म्हणजे ६० वॅट, आणि बोलताना त्याहून कमी. डबी उघडली. आत टी-पॅड, म्हणजे इंग्रजी टीसारखे जोडलेले तीन रेझिस्टर: १६.६ ओहमचे दोन आणि मधला ६७ चा. नुसत्या कॅरिअरवरही पहिल्यावर आणि मधल्यावर प्रत्येकी तेरा वॅट पडतात. मधला काळा पडलेला, एक स्क्रू हाताने फिरतोय आणि खाली उष्णता डबीच्या धातूत नेणाऱ्या थर्मल कंपाउंडचा थेंब नाही. फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘उघडलंत ना, मग वॉरंटी गेली.’

रेझिस्टर स्वतः आणून कंपाउंड लावून बसवला. आता लांबलचक ओव्हरनंतरही (एका दमात बोलण्याच्या पाळीनंतर) डबीवर तळवा टेकवता येतो. ठेवणार आहे, कारण काम चोख करते. पाचपैकी तीन तारे. एक कंपाउंडसाठी कापला, एक बीएनसीसाठी. घ्यायचाच असेल तर आल्याबरोबर स्क्रू आवळून बघा, आणि अ‍ॅडॅप्टरचे पैसे किमतीत धरा.