पुरस्कारप्राप्त नमुने आणि तालुक्याचे वाचनालय : ‘अवॉर्ड्स’ संकेतस्थळाचे परीक्षण

चोपडा तालुक्यातील आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळाचे नूतनीकरण करायचे ठरले, तेव्हा नमुने पाहण्यासाठी तरुण सभासदांनी सर्वप्रथम ‘अवॉर्ड्स’चे नाव सुचवले. इंग्रजी नावात तीन डब्ल्यू असलेले हे संकेतस्थळ २००९ पासून जगभरातील वेबडिझाइनचे परीक्षण करते आणि रोज एका संकेतस्थळाची निवड करते. रंगानुसार नमुने शोधण्याची त्यातील सोय मला फार आवडली. आमच्या बोधचिन्हातील गडद हिरव्या रंगासोबत कोणते रंग शोभतील, हा प्रश्न तेथेच सुटला.

मात्र परीक्षणाचे निकष पाहिल्यावर या नमुन्यांची मर्यादा ध्यानात येते. डिझाइनला ४० टक्के, वापरसुलभतेला ३०, सर्जनशीलतेला २० आणि मजकुराला अवघे १० टक्के महत्त्व दिले जाते. मोठ्या ब्रँडला हा हिशेब मानवेल, परंतु वाचनालयाच्या पानावर येणारा माणूस मजकुरासाठीच येतो: अभ्यासिकेत जागा आहे का, वर्गणी किती, अनामत परत केव्हा मिळते, अहिराणीतील कोणती पुस्तके उपलब्ध आहेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, जेथे मोबाइलला रेंज जेमतेम असते, तेथे सरकत्या चित्रांचे जड पान उघडण्याची वाट पाहत बसायला कोणाला सवड नसते, आणि ती असावी अशी अपेक्षाही आपण करू नये.

दुसरी अडचण लिपीची आहे. या नमुन्यांत शीर्षकाच्या रोमन अक्षरांमध्ये पुष्कळदा ऐसपैस अंतर सोडलेले असते. तोच प्रयोग देवनागरीवर केला की शिरोरेषा तुटते आणि ‘वाचनालय’ हा शब्द पाच सुट्या अक्षरांत विखुरतो. ओळी जवळ आणल्या, तर वरच्या ओळीतले उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. त्यामुळे कोणताही नमुना आवडला, की त्यात ‘नोटो सान्स देवनागरी’सारख्या फॉन्टमध्ये आपला मराठी मजकूर बसवून पाहावा आणि मगच कार्यकारिणीपुढे ठेवावा.

मांडणीसाठी मला ब्रिटिश सरकारचे ‘गव्ह.यूके’ अधिक उपयोगी वाटले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळाला लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०१३ चा सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार दिला. त्यावर चकचकीत असे काहीच नाही; ठळक शीर्षके, साधे दुवे आणि वापरणाऱ्याची गरज आधी पाहण्याची शिस्त एवढेच आहे. वर्गणी आणि अनामतीची माहिती आपल्या पानावर कशी मांडावी, याचा धडा मला येथे मिळाला.

छोट्या संस्थांनी ‘अवॉर्ड्स’ जरूर पाहावे, पण ते रंगसंगती आणि छायाचित्रांच्या मांडणीपुरतेच, तेही मोबाइलवर उघडून. मुखपृष्ठावर काय असावे, हे मात्र देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्या ग्रंथपालांना विचारावे. सभासद रोज काय विचारतात, हे त्यांना तोंडपाठ असते.