हेटिंग गेम घ्यावं की स्पॅनिश लव्ह डिसेप्शन?

ऑफिसात एकमेकांना पाण्यात बघणारे दोघं आणि मग हळूहळू जमणारं प्रेम, असलं काही वाचायचंय म्हटलं की दोन इंग्रजी कादंबऱ्यांची नावं हमखास पुढे येतात, सॅली थॉर्नचं 'द हेटिंग गेम' (२०१६) आणि एलेना आर्मासचं 'द स्पॅनिश लव्ह डिसेप्शन' (२०२१). दोन्हींत हिरो उंचापुरा आणि घुम्या, हिरॉईन बडबडी, दोन्हींत एक प्रमोशन आहे आणि दोन्हींत एक लग्न आहे जिथे या दोघांना जोडीने जायचंय. म्हणून लोक सरसकट सांगतात की एक आवडलं ना, मग दुसरं आवडणारच. मला हे अजिबात पटत नाही. ऑफिसातलं वैर वाचायचं असेल तर हेटिंग गेमच घ्या, स्पॅनिश त्या आशेने उघडलंत तर पदरी निराशा पडेल.

आधी हेटिंग गेम. बेक्सली आणि गॅमिन या दोन प्रकाशन कंपन्या तग धरण्यासाठी एकत्र आल्यात, त्यामुळे सीईओ दोन आणि त्यांचे असिस्टंटही दोन. लूसी गॅमिनची, म्हणजे पुस्तकांवर जीव असणाऱ्या लोकांतली, आणि जॉशुआ बेक्सलीचा, म्हणजे आकडे आणि नोकरकपात. दोघांची टेबलं समोरासमोर, आणि त्या मजल्यावर सगळं इतकं चकचकीत की मान वळवली तरी समोरच्याचं प्रतिबिंब कुठेतरी दिसतंच. तो शर्ट ठरलेल्या रंगांच्या क्रमाने घालतो आणि हिला तो क्रम तोंडपाठ आहे, तो डायरीत पेन्सिलने बारीक बारीक खुणा करतो आणि हिला खात्री आहे की त्या आपल्याचबद्दल आहेत, हिच्या कॉम्प्युटरचा पासवर्डसुद्धा त्याच्या तिरस्काराचा. एकटक बघत राहायचं, समोरच्याच्या हालचालींची नक्कल करायची, असे त्यांचे खेळ ठरलेले आहेत. सगळी गंमत इथेच आहे, कारण एखाद्या माणसाचं इतकं बारीक निरीक्षण करणाऱ्याला तो माणूस नकोसा असेल यावर आपला हळूहळू विश्वास बसेनासा होतो आणि लूसीला मात्र ते कळत नाही. आणि मग सीओओची, म्हणजे सीईओच्या खालोखाल कंपनीचा कारभार बघणाऱ्याची, नवी पोस्ट निघते, जागा एक, दोघांनाही हवी, जिंकेल तो दुसऱ्याचा बॉस होणार आणि हरेल त्याने राजीनामा द्यायचा असं दोघं आपसात ठरवतात. आता हे खरं वैर! दोघंही तोडीस तोड, दोघांनाही काहीतरी गमवायचंय, त्यामुळे लिफ्टमधला तो किस येतो तेव्हा हा काही डाव तर नाही ना ही लूसीची शंका आपल्यालाही खरी वाटते.

स्पॅनिशमध्ये नेमकं हेच नाहीये. लीना मूळची स्पेनची, न्यूयॉर्कमध्ये इंजिनियर. बहिणीचं लग्न तोंडावर आलंय, बहिणीचा होणारा दीर म्हणजे हिचाच एक्स, तो लग्नात बेस्ट मॅन, म्हणजे नवरदेवाचा पाठराखा, आणि त्याचा साखरपुडाही झालेला, आणि हिने घरी थाप मारलीय की माझा अमेरिकन बॉयफ्रेंड सोबत येतोय. ऑफिसातला एरन आपणहून म्हणतो मी येतो. सुरुवात झकास आहे, पण मग विचार करा, जो माणूस पहिल्याच चॅप्टरमध्ये समुद्रापार लग्नाला यायला तयार आहे तो दुश्मन कसला? लीनाच्या रागाचं कारण काय तर तो नवीन लागला तेव्हा हिने त्याला वेलकम गिफ्ट दिलं आणि नंतर त्याला बॉसशी बोलताना ऐकलं की हिच्यासोबत काम नको. हे लागण्यासारखं आहे, मान्य, पण त्या एका वाक्यावर जवळपास दोन वर्षांचा राग उभा केलाय आणि तोही एकतर्फी. एरन तर ती उपाशीपोटी काम करतेय म्हणून खायला आणून देतो, तिच्यावर लादलेल्या इव्हेंटसाठी रात्री थांबून मदत करतो. वाचणाऱ्याला लगेच कळतं की हा तिच्यात पूर्ण बुडालाय, फक्त लीनाला कळत नाही, आणि ते कळेपर्यंत साधारण निम्मं पुस्तक संपतं. नमनाला घडाभर तेल म्हणतात तसं झालंय. स्लो बर्न, म्हणजे हळूहळू पेटत जाणारं प्रेम, मला आवडतो, पण स्लो बर्नमध्ये दर प्रसंगागणिक काहीतरी सरकायला हवं, इथे तो निळ्या डोळ्यांनी बघतो, ती गोंधळते, मनात पानभर बोलते, आणि पुढच्या प्रसंगात पुन्हा तेच.

मला सगळ्यात जास्त हळहळ एका वेगळ्याच गोष्टीची वाटते. एरन डिव्हिजनचा हेड होणार आहे, म्हणजे लीनाचा बॉस, आणि लीना पुरुषांनी भरलेल्या टीममध्ये काम करते जिथे तिला परस्पर पाहुण्यांच्या सरबराईचं काम चिकटवलं जातं. त्यात तिचा तो एक्स कॉलेजात तिचा प्रोफेसर होता आणि त्या नात्यावरून लोकांनी तिलाच नावं ठेवलेली, त्याला नाही. म्हणजे वरच्या पदावरच्या माणसावर पुन्हा प्रेम करायचं ही या बाईसाठी केवढी मोठी गोष्ट आहे! ऑफिस रोमान्सला याहून चांगला पाया काय हवा. पण हा धागा मधे बराच काळ गायब होतो, शेवटाकडे एकदम येतो आणि घाईत मिटवला जातो. तुमच्या-माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या बायकांना यातलं खूप काही ओळखीचं वाटेल, म्हणूनच ते हातचं सोडलेलं जास्त खटकतं. याच पुस्तकाला गुडरीड्स या पुस्तकांच्या वेबसाइटच्या वाचकांनी २०२१ चं सर्वोत्तम पहिलं पुस्तक म्हणून निवडलं, टिकटॉकवर तर ते तुफान चाललं, त्यामुळे अपेक्षा आणखी चढलेल्या असतात.

आता स्पॅनिशची जमेची बाजू. लेखिका स्वतः स्पेनची आहे आणि ते दिसतं. लग्नघर, आई, आजी, प्रत्येकाचं मधे मधे नाक खुपसणं, नवीन जावई आल्यासारखी एरनची तपासणी, हे सगळं आपल्याकडच्या लग्नघरात वावरलेल्या कुणालाही लगेच जवळचं वाटेल. तिथे पुस्तक एकदम मोकळा श्वास घेतं. हेटिंग गेममधलं लग्न त्यामानाने उदास आहे, जॉशुआच्या भावाचं लग्न, नवरी जॉशुआचीच एक्स, आणि वडिलांशी त्याचं फाटलेलं. तो भाग मला लांबलेला वाटला, शिवाय ऑफिस मागे पडलं की संवादांची धारही थोडी कमी होते. लूसी किती छोटी आणि तो किती अवाढव्य हे तर इतक्या वेळा येतं की कंटाळा यावा, आणि त्याची मालकी गाजवायची सवय प्रेम म्हणून खपवलीय ती मला आजही पटत नाही. सगळ्यांना पटेल असं पुस्तक ते नाहीच. पण ऑफिसच्या पेंटबॉलच्या (एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ) दिवसानंतर ती तापाने फणफणते आणि हा रात्रभर तिची उस्तवार करतो तो प्रसंग बघा, तोपर्यंतचं सगळं भांडण वाचलेलं असल्यामुळे त्या काळजीला वजन येतं. एरनची काळजी पहिल्या दिवसापासून चालू असल्यामुळे तिचं तसं अप्रूप राहत नाही.

लांबी बघूनही ठरवता येईल. हेटिंग गेम ४०० पानांच्या आत संपतं, वीकेंडला होऊन जातं. स्पॅनिश साधारण ४५० पानांचं आहे आणि वाटतं त्याहून मोठं. इंग्रजी रोमान्स पहिल्यांदाच हातात घेत असाल तर थॉर्नची वाक्यं छोटी आणि चटपटीत आहेत, बरं पडेल. दोन्हींत उघड शृंगार आहे, स्पॅनिशमध्ये जास्त, त्यामुळे शाळेतल्या भाचीला वगैरे गिफ्ट द्यायचा विचार असेल तर दोन्ही नकोत.

खोट्या बॉयफ्रेंडची भानगड, गोतावळा आणि पहिल्यापासून जीव टाकणारा हिरो एवढंच हवं असेल तर स्पॅनिश खुशाल वाचा, पण विकत घेऊ नका, लायब्ररीतून किंवा मैत्रिणीकडून आणा आणि सुरुवातीचा ऑफिसचा भाग भरभर उरका. हेटिंग गेमवर २०२१ मध्ये सिनेमाही आलाय, लूसी हेल आणि ऑस्टिन स्टोवेलचा, तो मात्र पुस्तकाआधी बघू नका, डायरीतल्या खुणांचा अर्थ पुस्तकातच कळायला हवा.