कार्बोरेटर धुवायला काय वापरावं? रॉकेलपासून स्प्रेपर्यंत सगळं वापरून पाहिलं

बाबांची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल डिसेंबरात सोसायटीच्या पार्किंगमधून बाहेर काढली, तेव्हा ती दीड वर्ष जागची हलली नव्हती. १९९४ ची गाडी, एमएच-०४ ची पाटी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बाबांचं किक मारणं थांबलं. मी किक मारत बसले. चोक ओढला की दहा-बारा किकनंतर सुरू व्हायची, चोक खाली केला की बंद. म्हणजे कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) स्लो जेटमध्ये, गाडी हळू चालताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी नळीत, कचरा. बाबा वरून खिडकीतून म्हणाले, "अगं, पेट्रोलने धू आणि लाव, एवढं काय त्यात!"

मी रबाळे एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, १७ वर्षं झाली. थिनर, झायलीन, अ‍ॅसिटोन हे माझं रोजचं काम. त्यामुळे पेट्रोलने धुऊन लावणं मनाला पटेना. गेल्या दोन महिन्यांत बाजारात मिळणारं जवळपास सगळं मी या एका कार्बोरेटरवर आणि शेजारच्या काकांच्या जुन्या बुलेटच्या कार्बोरेटरवर वापरून पाहिलं. कशाला पैसे घालावेत आणि कशाला नाही, ते लिहिते.

आधी बाऊल, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोल साठणारी वाटी, उघडण्याबद्दल. या जपानी गाड्यांच्या स्क्रूची फुली आपल्या फिलिप्सपेक्षा थोडी वेगळी असते. साधा फिलिप्स पेचकस त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो. जेआयएस (जपानी मापाच्या) टोकाचा पेचकस घ्या.

बाऊल खाली आला आणि तळाशी काकवीसारखा थर दिसला. तपकिरी, चिकट, जुन्या वॉर्निशसारखा वास. नखाने ओढला तर तार सुटली. पण भिंतीवर, पेट्रोलची पातळी असते त्या रेघेखाली, पांढरी भुकटी होती आणि पितळी जेटच्या कडेला हिरवट पापुद्रा. या दोन वेगवेगळ्या घाणी आहेत. दोन्हींवर एकच औषध चालत नाही. माझ्या मते लोकांचे पैसे वाया जातात ते इथेच. काकवी म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने बदललेलं पेट्रोल. पांढरं-हिरवं म्हणजे धातूला लागलेला गंज. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, नेमके जिथे जेट असतात तिथे. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली, तेव्हा हे पेट्रोल कोणाच्या डोक्यातही नव्हतं. ऐरोलीत खाडी जवळ, हवा दमट, त्यामुळे आमच्याकडे हा त्रास जास्त.

तर पहिलं रॉकेल. रेशनचं निळं रॉकेल आता सहज मिळत नाही. मी रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं, कामाला जवळपास तसंच. बाहेरून चिकटलेली धूळ, चेन-ऑइल, चिखल यावर उत्तम. जुना टूथब्रश घेऊन दहा मिनिटांत बॉडी ओळखू येईल इतकी स्वच्छ झाली. रबराला त्या मानाने सौम्य, हातालाही बरं. पण काकवीला काही होत नाही, आणि वाळल्यावर तेलकट पदर राहतो. बाहेरच्या धुण्यासाठी पूर्ण गुण, आतल्यासाठी शून्य.

बाबांचं पेट्रोल. जे पेट्रोलमधूनच तयार झालं ते पेट्रोलमध्ये विरघळेल असं वाटतं, पण तसं होत नाही. ऑक्सिजन लागून त्या थराचा स्वभाव बदललेला असतो. त्याला किटोन, एस्टर, अल्कोहोल अशा जातीचं काहीतरी लागतं. शिवाय उघड्या वाटीत पेट्रोल घेऊन बसणं धोक्याचं. त्याची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते, आणि पार्किंगमध्ये विजेचे मीटर बॉक्स असतात, एक ठिणगी पुरते. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "आम्ही ३० वर्षं तेच केलं." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही रोज चालवत होतात, तुमच्या वेळी हा थर धरायचाच नाही."

एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करायचा) हे माझ्या मते सगळ्यात स्वस्तात चांगलं काम करणारं द्रावण आहे, पण थिनर चांगला असेल तरच. त्यात टोल्युइन, ब्युटाइल अ‍ॅसिटेट, थोडं अल्कोहोल, कधी किटोन असं मिश्रण असतं, म्हणून काकवीला सगळ्या बाजूंनी धरतं. अडचण अशी की सुट्या थिनरमध्ये काय भरलंय ते दुकानागणिक बदलतं. मी तीन ठिकाणांहून अर्धा-अर्धा लिटर घेतला. एक तर उघडल्याबरोबर रॉकेलचा वास आला. घरी करता येईल अशी परीक्षा सांगते, आम्ही कारखान्यात याचंच शिस्तीतलं रूप करतो. काचेची बशी स्वच्छ धुऊन कोरडी करा. त्यावर थिनरचे तीन थेंब टाका आणि सावलीत पूर्ण उडू द्या. मग बशी तिरपी धरून उजेडात पाहा. चांगल्या थिनरचा मागमूस राहत नाही. भेसळ असेल तर तेलाचं इंद्रधनुषी कडं दिसतं, बोट फिरवलं तर घसरतं. माझ्या तीनपैकी एकच बशी कोरी निघाली. ते तेलकट कडं जेटच्या भोकातही राहणार, मग धुऊन काय मिळवलं?

आणखी एक. पावसाळ्यात बशीवर पांढुरका दव दिसला तर थिनर वाईट असं लगेच ठरवू नका. द्रावण झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. तेच कार्बोरेटरवरही होतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये धुऊन झाल्यावर लगेच कंप्रेसरची हवा मारून घ्या, आणि जोडण्याआधी तासभर उन्हात किंवा कोरड्या जागी ठेवा.

थिनरमध्ये सुटा केलेला धातूच भिजवायचा. ओ-रिंग (रबरी कडी), पॅकिंग, फ्लोट (बाऊलमधल्या पेट्रोलवर तरंगणारा तुकडा), बाऊल भरला की पेट्रोल थांबवणारी रबरी टोकाची सुई, सगळं आधी बाजूला. हे मी एवढं का म्हणतेय, तर गेल्या वर्षी काकांच्या बुलेटचा कार्बोरेटर ठाण्यातल्या एका गॅरेजवाल्याने न सोडवता तसाच रात्रभर थिनरमध्ये ठेवला. सुईचं टोक फुगलं, आपल्या बैठकीच्या भोकात नीट बसेना, गाडी उभी राहिली की खाली पेट्रोलचं तळं. वर त्याने जेटमध्ये स्टीलची तार घातली होती. पितळ मऊ, जेटचं भोक मोजून पाडलेलं. तारेचे ओरखडे पडले की ते माप गेलं. भोकात घालायचंच असेल तर मासे पकडायच्या नायलॉन दोरीचा तुकडा घाला. काका दोन महिने तोच गॅरेजवाला आणि तीच कटकट सहन करत होते, मला फार वाईट वाटलं.

अ‍ॅसिटोनबद्दल बाजारात खूप गवगवा आहे. काम जलद करतं, अवशेष राहत नाही, बशीची परीक्षा छान पास होतं. पण ५६ अंशांना उकळतं. उघड्या वाटीत घेतलं की थर मऊ होईपर्यंत अर्धं उडून जातं. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवलं तर दोन तासांत बाऊलचा थर कापडाने पुसून निघाला. रंग आणि बरंचसं प्लास्टिक खातं, व्हिटॉन रबरही फुगवतं. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे अ‍ॅसिटोन नव्हे, त्यात पाणी, तेल, सुगंध असतो. आणि केमिस्टकडचे निळे नायट्राइल हातमोजे अ‍ॅसिटोनमध्ये काही मिनिटांत ढिले पडतात, त्यावर विसंबू नका. आम्ही कारखान्यात ब्युटाइल रबरचे वापरतो.

आता ज्याबद्दल सगळे विचारतात तो कार्ब क्लीनर स्प्रे. ५०० मिलीचा डबा मला साडेतीनशेला पडला. आत बहुधा अ‍ॅसिटोन, टोल्युइन किंवा झायलीन, मिथेनॉल अशीच मंडळी असतात. मग थिनरच्या दुप्पट पैसे का द्यायचे? दाबासाठी. बारीक नळी स्लो जेटच्या वाटेला लावली आणि बटण दाबलं की दुसऱ्या टोकाने धार निघते की नाही हे डोळ्यांनी दिसतं. माझ्याकडे आधी काहीच निघालं नाही, मग एक तपकिरी थेंब, मग तिरकी फवार, आणि चौथ्या वेळी सरळ सुईसारखी धार. ती धार बघून जो आनंद झाला तो खरंच वेगळा होता. पण दुसऱ्या टोकाची धार कुठे येईल सांगता येत नाही, म्हणून चष्मा हवाच. माझ्या पहिल्याच फवाऱ्याचा शिंतोडा चष्म्याच्या काचेवर आला. मिथेनॉल श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातं, तेव्हा काम गच्चीत किंवा मोकळ्या जागी. भिजवण्यासाठी स्प्रे वापरू नका, डबा बघता बघता संपतो. आणि घरोघरी असतो तो निळा-पिवळा डब्ल्यूडी-४० म्हणजे कार्ब क्लीनर नाही. त्या कंपनीचा कार्ब क्लीनर वेगळ्या डब्यात येतो, लेबल वाचून घ्या.

आता राहिला गंज. वरच्यांपैकी कशानेही तो जात नाही. आई समई चिंचेने घासते तीच युक्ती पितळी जेटला लागू आहे, फक्त जेट काढून घेऊन. कपभर गरम पाण्यात चमचाभर लिंबूसत्व, दहा मिनिटं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून साध्या पाण्याने धुवायचं आणि हवा मारायची. हिरवा पापुद्रा पूर्ण गेला. भांडी घासायची पावडर मात्र नको, कण भोकात बसतात. बॉडीला हे आंबट पाणी लावू नका. ती जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, आम्लात काळवंडते आणि झिजते. टाइल्सचं अ‍ॅसिड किंवा नाली मोकळी करायचा कॉस्टिक सोडा तर चुकूनही नको, दोन्ही धातू खातात.

बॉडीसाठी मी घोडबंदर रोडच्या एका गॅरेजमध्ये अल्ट्रासॉनिक करून घेतलं. ६०० रुपये, २५ मिनिटं. कोमट पाणी, सौम्य साबण आणि सेकंदाला ४०,००० कंपनं. पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि हाताने न पोचणाऱ्या वाटेतली भुकटी सुटते. पैसे वसूल, पण काकवी आधी थिनरने काढून, सगळं सुटं करूनच द्या. माझ्या आधी आलेल्या एकाने जेटसकट दिला होता, त्याची आतली घाण जशीच्या तशी परत आली. मुलगा नीट होता, पाणी माझ्यासमोर बदललं.

जोडताना नवीन ओ-रिंग आणि बाऊलचं पॅकिंग घातलं. एअर स्क्रू (हवेचं प्रमाण कमी-जास्त करणारा) काढण्याआधी तो आत घट्ट होईपर्यंत किती वळणं जातो ते मोजून ठेवलं होतं, दीड. तेवढाच परत बाहेर काढला.

रविवारी सकाळी बाबा काठी घेऊन खाली आले. तिसऱ्या किकला सुरू झाली. मी चोक खाली केला, बंद पडली नाही. बाबांनी वाकून, काही न बोलता, एअर स्क्रू पाव वळण बाहेर घेतला आणि आवाज एकसारखा झाला. मग म्हणाले, "पेट्रोलचा कॉक बंद कर, आणि बंद पडेपर्यंत चालू दे. बाऊल रिकामा राहू दे."

उरलेला वापरलेला थिनर मी बाटलीत भरून कारखान्याच्या टाकाऊ द्रावणाच्या पिंपात टाकला, गटारात नाही. स्प्रेचा डबा निम्मा उरलाय, तो काकांच्या बुलेटला येत्या शनिवारी.