ब्रेक पॅडचा तिसरा सेट: 14 हजार किलोमीटरनंतरचा अनुभव

गाडी 2018 ची स्विफ्ट, पेट्रोल, मॅन्युअल. पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढच्या पॅडचा हा तिसरा सेट, गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बसवलेला. आता 14 हजारांच्या आसपास रनिंग झालंय, दोन्ही चाकं उघडून मापंही घेतलीत, म्हणून लिहायला बसलो.

पहिला सेट गाडीबरोबर आलेला, तो 50 हजारांच्या पुढे गेला. दुसरा 20 हजारांतच संपला. गाडी तीच, चालवणारे तेच, रस्तेही बरेचसे तेच. त्यामुळे पॅड किती चालतात या प्रश्नावर कुणी 30 हजार सांगतो, कुणी 60 हजार, तेव्हा मला दोघांचंही खरं वाटतं आणि दोघांचाही उपयोग वाटत नाही.

दुसऱ्या सेटचं काय झालं ते आधी सांगतो, कारण तिसरा घेताना मी जे काही बघितलं ते त्यातूनच आलंय. एके दिवशी ब्रेक दाबला की पुढून डावीकडून चिर्रर्र असा आवाज यायला लागला. पॅडच्या मागच्या पत्र्याला एक छोटी जीभ असते. मटेरियल ठरावीक मर्यादेपर्यंत झिजलं की ती डिस्कला घासते आणि ओरडते. ती त्यासाठीच दिलेली असते. रिमच्या फटीतून टॉर्च मारून बघितलं तर बाहेरचा पॅड चांगला जाड दिसत होता. एका गॅरेजवाल्याने तेवढंच बघून "धूळ असेल, वॉशिंग करा" म्हणून वाटेला लावलं. दुसरीकडे गेलो, तिथल्या काकांनी चाक काढलं, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उचलला आणि दोन्ही पॅड माझ्या हातावर ठेवले. बाहेरच्यावर 6 मिलिमीटर मटेरियल शिल्लक, आतल्यावर जेमतेम 1. एकाच चाकातले, एकाच दिवशी बसवलेले पॅड!

"पॅडला नावं ठेवू नका, ही पिन बघा," काका म्हणाले.

आपल्या बहुतेक गाड्यांत कॅलिपर सरकता असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि मग त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. ब्रेक सोडला की सगळं किंचित सैल पडतं. पिन जाम असेल तर हे सरकणंच बंद. मग आतला पॅड एकटाच राबतो आणि ब्रेक सोडल्यावरही डिस्कला चिकटून फिरत राहतो. माझ्या गाडीतल्या खालच्या पिनेचं रबरी बूट, म्हणजे तिच्यावरचं आवरण, फाटलेलं होतं, आत पाणी आणि चिखल गेलेला. काकांनी पिन पान्ह्याने फिरवत फिरवत बाहेर काढली तेव्हा तिच्यावर ग्रीसऐवजी काळपट डिंकासारखा थर होता आणि टोकाला तांबूस गंज. पॅड बदलताना आधीच्या गॅरेजने पिना बाहेर काढल्याच नव्हत्या हे उघड होतं. अर्ध्या तासात दोन्ही बाजूंचे पॅड बदलून हातात बिल मिळालं होतं, तेव्हाच शंका यायला हवी.

म्हणून माझं मत असं: पॅड कुठल्या ब्रँडचा यावर आपण जितका खल करतो त्याच्या निम्मासुद्धा तो बसवला कसा जातो यावर करत नाही. चांगल्या पॅडचं आयुष्य एक जाम पिन निम्म्यावर आणते.

आता तिसऱ्या सेटची निवड. बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. ऑरगॅनिक किंवा नॉन-ॲस्बेस्टॉस, सेमी-मेटॅलिक आणि सिरॅमिक. ऑरगॅनिक मऊ, आवाज कमी, डिस्कला सौम्य, पण फार तापला की पकड सोडायला लागतो. सेमी-मेटॅलिक उष्णता जास्त सोसतो, पण डिस्क जास्त खातो, आवाज आणि काळी धूळ दोन्ही जास्त. सिरॅमिकची धूळ कमी आणि आवाजही कमी, किंमत मात्र चढी. "सिरॅमिक टाका, विषय संपला" हा सल्ला मलाही मिळाला. पण पाकिटावर सिरॅमिक छापलं म्हणून आत काय आहे ते कळत नाही, आणि कोथरूड-हिंजवडी अशा रोजच्या रडतखडत रहदारीत त्या जादा पैशांचा फायदा म्हणजे रिम जरा स्वच्छ राहणार, एवढाच. मी तो नाद सोडला.

पाकिटापेक्षा पॅडची कड वाचा. पुष्कळ पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या पकडीचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी त्याच्याही वर, 0.55 पर्यंत. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, म्हणजे एफई वगैरे, तर तो पॅड घाटात तापल्यावर ढिला पडणार असं समजा. मी एफएफ घेतला. जीजी कागदावर भारी वाटतो, पण गाडीचे पुढचे-मागचे ब्रेक कंपनीने एकमेकांना जुळवून दिलेले असतात. पुढे एकदम कडक पॅड टाकून तो तोल बिघडवण्यात घरच्या गाडीला काही मिळत नाही. काही पॅडवर वर्तुळात ई आणि शेजारी 90आर पासून सुरू होणारा क्रमांक असतो. ती युरोपातली मान्यता, मूळ पॅडच्या तुलनेत कामगिरी 15 टक्क्यांच्या आत-बाहेर असल्याची. तो शिक्का दिसला तर उत्तम.

शेवटी घेतले मारुतीचे जेन्युइनच. बॉश, ब्रेम्बो, रॅने, टीव्हीएस हे पर्यायही दुकानात होते आणि त्यांना नाव ठेवण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही. पहिला सेट 50 हजार चालला होता, त्याच्याशी तुलना करता यावी म्हणून तोच पार्ट नंबर घेतला. डुप्लिकेट मालाची भीती इथे खरी आहे. गाडीवर लागणाऱ्या पार्ट नंबरशी पाकीट जुळवून घ्या, सीलबंदच घ्या आणि बिलावर नंबर लिहून घ्या. बिल द्यायला जो दुकानदार कुरकुरतो त्याच्याकडून ब्रेकचं सामान घेऊ नये. सीट कव्हर खुशाल घ्या.

बसवून घेताना मी उभा राहिलो. पिना बाहेर काढून पुसल्या, फाटलेलं बूट बदललं, पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं पेट्रोलियमवालं ग्रीस लावू देऊ नका, त्याने आतलं रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान, म्हणजे दोन्ही टोकं, जिथे बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढला. नाही काढला तर पिन मोकळी असूनही पॅड अडकतो. एअर गनने धूळ उडवायला पोरगा आला त्याला थांबवलं, ओल्या फडक्याने पुसायला लावलं. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. आता बहुतेकांत नसलं तरी ती धूळ छातीत घ्यायची गोष्ट नाही. पिस्टन मागे ढकलण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघितली. पॅड झिजतात तसा पिस्टन पुढे येतो आणि डबीतली पातळी उतरते. मधल्या सर्व्हिसिंगला कुणीतरी ती 'कमी आहे' म्हणून भरून टाकतो आणि नवे पॅड बसवताना ऑइल वर येऊन सांडतं. ते गाडीचा रंग खातं.

नवे पॅड बसले की पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक थोडा बोथट लागतो, घाबरू नका. मी सकाळी लवकर मोकळ्या रस्त्यावर 50-60 च्या वेगावरून 10-15 पर्यंत सलग बऱ्याच वेळा बेताने ब्रेक लावले, मध्ये थंड व्हायला वेळ दिला. पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सारखा बसावा म्हणून हे करतात. यात गाडी पूर्ण थांबवून तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून धरायचा नाही, नाहीतर तिथेच मटेरियलचा डाग बसतो आणि पुढे पेडल थरथरतं. डिस्क वाकली म्हणून ज्या तक्रारी होतात त्यातल्या बऱ्याच या डागांच्या असतात.

आता प्रत्यक्ष वापर. आठवडाभर शहरात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी चिपळूण, सासुरवाडी. उंब्रजहून आत वळून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. खरी परीक्षा कुंभार्ली उतरतानाच. हिशेब करून बघा: 500 मीटर उंचीचा घाट नुसत्या ब्रेकवर उतरायचा तर 100 च्या वेगावरून गाडी तब्बल 12-13 वेळा पूर्ण थांबवण्याइतकी उष्णता ब्रेकला गिळावी लागते, तीही लागोपाठ, मंद वेगात, म्हणजे वारा न लागता. म्हणून दुसरा गिअर, गरज पडली तर पहिला, आणि ब्रेक वळणाआधी एकदा नीट दाबून सोडून द्यायचा. घाटभर अर्धा ब्रेक धरून ठेवणाऱ्यांच्या गाडीचा तो जळका वास पोफळीपर्यंत येतो. या सेटने भरल्या गाडीत, पावसात, घाट खाली येईपर्यंत पेडल कधी मऊ पडू दिलं नाही. मात्र याचं निम्मं श्रेय गिअरला आणि थोडं नव्या ब्रेक ऑइलला. डॉट 3 या प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना 205 अंशांच्या वर उकळतं, पण ते हवेतली ओल शोषतं आणि मुरलं की हीच मर्यादा 140 वर येते. उकळलं की वाफ होते आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. पॅड कितीही भारी असले तरी तेव्हा काही कामाचे नाहीत. दोन वर्षांनी ऑइल बदला.

न्यूट्रल टाकून उतरणाऱ्यांबद्दल एक शब्द. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे ट्रकने कितीतरी गाड्या उडवल्या, तेव्हाही उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडल्याचंच पोलिसांच्या तपासातून पुढे आलं होतं. कारमध्ये इंजिन बंद केलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम दोन-तीन दाबांत संपतो. आणि डिझेल-पेट्रोल वाचत असेल तर तेही नाही. इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन तोडतात, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

कुरबुरी दोन. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी काढली की पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते. डिस्कवरचा ओला गंज असतो, गल्लीच्या टोकापर्यंत जातो. दुसरी म्हणजे काळी धूळ. पुढची रिम आठवड्यात काळपट होतात. आवाज वगैरे बाकी काही नाही.

मापं: नव्या पॅडवर 10 मिलिमीटरच्या आसपास मटेरियल होतं. आता उजवीकडे आत-बाहेर साडेसात-आठ, डावीकडे आत साडेसात, बाहेर पावणेआठ. डावी-उजवी आणि आत-बाहेर जवळपास सारखी झीज आहे, मला हवं होतं ते हेच. 3 मिलिमीटरला बदलायचे म्हटलं तर या चालीने 40 हजारांपर्यंत जायला हरकत नाही. पहिल्या सेटइतके जाणार नाहीत, कारण तेव्हा चांदणी चौक ते वाकड असं रोज कासवगतीने रांगणं नव्हतं. आणि बायको चालवते तेव्हा पॅड कमी झिजतात हेही नोंदवून ठेवतो. ती लांबूनच ॲक्सिलरेटर सोडते. मी शेवटपर्यंत दामटतो आणि मग दाबतो. 100 वरून थांबायला 60 च्या जवळजवळ तिप्पट उष्णता लागते, तेव्हा हा फरक पडणारच.

मधल्या काळात चाक न उघडता करता येण्यासारखी एक तपासणी आहे. सपाट रस्त्यावर ब्रेक फार न वापरता दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक बाजू दुसरीपेक्षा चांगलीच गरम लागली तर त्या बाजूचा कॅलिपर सुटत नाहीये.

पॅड, बूट, ग्रीस आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं. एक दुखणं मात्र मागच्या सेटने ठेवून दिलंय. डाव्या डिस्कच्या आतल्या बाजूला नखाला लागतील अशा रेषा पडल्यात. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, माझी अजून तिच्या वर आहे, म्हणून काकांनी लेथवर मारायला, म्हणजे घासून सपाट करायला, नको म्हटलं. उगाच जाडी जाईल आणि पुढच्या खेपेला वापरता येणार नाही. पण हे पॅड संपतील तेव्हा दोन्ही डिस्कही बदलायच्या असं धरून चाललोय, आणि त्याचा खर्च पॅडपेक्षा बराच जास्त येणार आहे.